राखीव गड्यासोबत नऊ दिवस

भात झोडून झालं, कणगी भरली की आमच्या पाड्यावरची दारं एकेक करून बंद व्हायची. पेठ तालुक्यात डोंगराच्या उतारावर तीसेक घरांचा आमचा पाडा. पावसाळ्यात इतकं पाणी की चूल पेटत नाही आणि थंडी सुरू झाली की ओढा कोरडा. मग दिवाळी झाली की मुकादमाची पिकअप यायची. आई घराला कुलूप लावायची, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवायची आणि आम्ही सगळे मागे उभे राहून दिंडोरीला द्राक्षांच्या बागेत जायचो. विरळणी, घड औषधात बुडवणं, काडी बांधणं. होळीपर्यंत तिथंच, पत्र्याच्या शेडमध्ये. बाच्या हाताला औषधाचा वास असायचा, तो साबणानं जात नसे. एका वर्षी तिसरीच्या दुसऱ्या सत्रात मी बागेत होते, दुसऱ्या वर्षीही तिसरीतच होते.

नंतर मला आश्रमशाळेच्या वसतिगृहात टाकलं, म्हणून मी शिकले. नाशिकच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झाले. पाड्यावरची पहिली पदवीधर. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवते. मिरवतेच. आता नाशिकला एका कार्यालयात संगणकावर माहिती भरायचं काम करते. नोकरी कंत्राटी आहे. आई-बा मात्र गेल्या वर्षापर्यंत बागेवर जातच होते. मी नको म्हटलं की बा म्हणायचा, "तुझं एकटीचं ओढून नाय व्हायचं. यशाचं काय ते ठरू दे."

यशा म्हणजे माझा धाकटा भाऊ यशवंत. कबड्डी खेळतो. त्याचं काय ते ठरण्याचे नऊ दिवस मी त्याच्यासोबत फिरले. घोटी, दिंडोरी, मनमाड. नकाशावर बघितलं तर आमचाच जिल्हा. पण नाशिकला राहून ही तीन गावं बस बदलण्यापुरतीच माहीत असणारे कितीतरी लोक मला भेटतात, म्हणून लिहिते.

घोटी

आधी हा संघ काय ते सांगते. टीव्हीवर मोठी लीग दिसते, तिच्यातल्या एका संघाचा हा धाकटा संघ. मोठ्या संघात वीस गडी. त्यातले सात मॅटवर, पाच बाकावर, आणि उरलेले कॅमेऱ्यात कधीच येत नाहीत. वरचा कोणी जायबंदी झाला की धाकट्या संघातून एकाला वर बोलावतात. बाकीचा वेळ हा संघ तालुक्यातालुक्यात सामने खेळत फिरतो आणि प्रशिक्षक डोळे उघडे ठेवून बसतात. आम्ही निघालो तेव्हा वरच्या संघातला एक राखीव कव्हर खांदा निखळून घरी गेला होता. कव्हर म्हणजे कोपऱ्यातल्या गड्याच्या आत, त्याच्या हाताशी उभा राहणारा बचावपटू. आमच्या संघात त्या जागेचे दोघे होते, आमचा यशा आणि मनमाडचा इम्रान. मनमाडला दौरा संपला की दोघांपैकी एक वर जाणार होता. यशा बाविशीचा झाला होता. आधी दोनदा त्याची निवड हुकली होती. तिसऱ्यांदाही राहिला तर त्याला पुढच्या वर्षी कोणी विचारणार नव्हतं, आणि मुकादमानं त्याच्यासाठी बागेवरच्या टोळीत जागा धरलेलीच होती.

संघाला गुण लिहायला आणि सामन्याचं चित्रीकरण करून रोज वर पाठवायला माणूस हवं होतं. यशानं प्रशिक्षकांना सांगितलं, "माझी ताई करील, तिला कॉम्प्युटर येतो." मी रजा टाकली. संघ शाळेच्या हॉलमध्ये झोपणार आणि मी एकटी बाई, म्हणून मला प्रत्येक गावी कोणाच्या ना कोणाच्या घरी उतरवायचं ठरलं. त्यामुळे त्या पोरांना फक्त मॅट दिसली आणि मला घरं बघायला मिळाली.

घोटीत सकाळी उतरलो तेव्हा धुकं होतं आणि सगळ्या गावाला कोंड्याचा वास येत होता. नवीन भात आलेलं. मिलच्या दारात ट्रॅक्टर एकामागे एक लागलेले, त्यांच्यावर पोत्यांत पाय रोवून बसलेली माणसं चहा पीत होती. मी ज्यांच्याकडे उतरले त्या सुनंदामावशींच्या घरामागेच मिल. रात्रंदिवस भिंत हलकी थरथरते, त्यांना ते कळतही नाही. मिल बंद पडली की जाग येते म्हणाल्या.

दुपारी त्यांनी नव्या तांदळाचा भात वाढला. मऊ, चिकट, वास पार ओसरीपर्यंत. वर तूप. मी म्हटलं, "आमच्याकडं लाल तांदूळ असतो, हातसडीचा."

"अगं बाई, लाल?" मावशी म्हणाल्या. "तो आम्ही कोंबड्यांना टाकतो."

"आमच्या कोंबड्यापण खातात," मी म्हटलं. "आमच्यानंतर."

मावशी इतक्या हसल्या की त्यांनी मला आणखी एक मूद वाढली. जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी येशील तेव्हा तुमचा तो लाल घेऊन ये, बघू तरी.

सराव संध्याकाळी. आमचे प्रशिक्षक बागुल सर मूळचे मनमाडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. एके काळी रेल्वेच्या संघात होते. त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि आवाज फलाटावरून फलाटावर जाईल असा. यशा गावाकडे चढाई करायचा. सरांनी तीन महिन्यांपूर्वी त्याला चढाईवरून काढून कव्हरला उभा केला होता. तेव्हा तो मला फोनवर रडवेला होऊन म्हणाला होता, ताई, मला मागं टाकलं. मी घोटीला सरांना त्याबद्दल विचारलं.

"रेडर गल्लीगल्लीत मिळतात," सर म्हणाले. "कव्हर शोधावा लागतो. आणि तुझा भाऊ बघ, मागं कसा सरकतो ते बघ."

मी बघितलं. समोरचा चढाईला आला की सगळी रांग मागे सरकते. बाकीचे शेजाऱ्याकडे नजर टाकून मागे जात होते, कोणी पुढे, कोणी मागे राहत होतं. यशा मात्र समोरच्यावरची नजर न काढता कोपऱ्यातल्या गड्याच्या बरोब्बर रेषेत मागे जात होता. वाकून, पाय न उचलता.

"हे कुठं शिकलास रे?" सरांनी त्याला हाक मारून विचारलं.

"आवणीला, सर."

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांना माहीत नव्हतं म्हणून यशानं समजावलं. चिखलात भाताची रोपं लावताना दहा-बारा जणांनी एका ओळीत, वाकून, मागे मागे जायचं असतं. एक जण पुढे-मागे झाला की ओळ मोडते आणि म्हाताऱ्या शिव्या देतात. मान वर करून बघायला वेळच नसतो. शेजारच्याचा कोपर कुठे आहे ते अंगाला कळतं.

सरांनी तिथल्या तिथे सगळ्या संघाला वाकवलं. हात पावलांशी, ओळ करून मागे. पहिल्याच फेरीत दोघे मागच्या मागे बसले. इम्रान वाकल्या वाकल्याच ओरडला, "सर, चावल की मजदूरी अलग से मिलेगी ना?"

"मिलेगी. तांदूळच मिळेल. वाक."

घोटीचा सामना आम्ही जिंकलो. कसा जिंकलो ते मला विचारू नका, कारण पहिला अर्धा भाग मी कॅमेऱ्याचं बटण दाबायलाच विसरले होते. मध्यंतरात सरांनी स्क्रीन बघितली आणि शांतपणे विचारलं, "ताई, पदवी कशात घेतलीस?"

"भूगोलात."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मी बटण दोनदा तपासते.

दिंडोरी

दिंडोरीचा रस्ता मला पाठ आहे, पण मी तो कायम पिकअपच्या मागून, उलटा बघितलेला. गाव मागे पळताना. या वेळी टेम्पो ट्रॅव्हलरच्या पुढच्या सीटवर बसून बघितला. दोन्ही बाजूंना बागा, हिरव्या छतासारख्या, मणी वाटाण्याएवढे झालेले. फवारणीचे ट्रॅक्टर ढग सोडत फिरत होते. बायका छताखाली मान वर करून उभ्या, हातात बारीक कात्र्या. डिसेंबरात जिल्ह्याच्या पश्चिमेकडची अर्धी माणसं इथं असतात. आमची माणसं.

आयोजक एक मोठे बागायतदार होते. संघाला त्यांनी मजुरांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांची एक रांग मोकळी करून दिली होती आणि मला त्यांच्या बंगल्यात उतरवलं होतं. मी दुपारी पोरांची सोय बघायला गेले. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची ओटी, दोरीवर कपडे. शेजारच्या रांगेत पेठ-सुरगाण्याचे मजूर. यशा त्यांच्या चुलीशी बसून नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होता, आणि रोहतकचा धरमवीर त्याच्याकडे बघत होता.

धरमवीर कोण तेही सांगते. मोठ्या संघातला चढाईपटू. टीव्हीवर दिसणारा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय परत पक्का करायला त्याला आमच्यात खाली पाठवलं होतं. तो भाकरी हातात घेऊन उलटीपालटी करत म्हणाला, "भाई, ये काली क्यों है?"

"ताकद असते," यशा म्हणाला.

"हमारे यहां ताकत सफेद होती है. दूध, दही, मक्खन." त्यानं तुकडा मोडून खाल्ला. बराच वेळ चावला. "लेकिन चलेगी."

बंगल्यातल्या वैशालीताई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, स्वतः बागेचा हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघणाऱ्या. जेवायला टेबल. काचेच्या भांड्यात बेदाणे. मला त्यांनी फार आपुलकीनं वाढलं, हे आधी सांगते. बोलता बोलता मी म्हटलं, "मी लहानपणी इकडेच असायचे. ओढ्यापलीकडच्या बागेत. आई-बा यंदाही तिथं आहेत."

मला वाटलं होतं त्या ओशाळतील, किंवा काहीतरी गोड बोलतील. वैशालीताईंनी चमचा खाली ठेवला. "त्यांच्याकडची विरळणी संपली का हो? आमचे दोन प्लॉट राहिलेत. तुमच्या आई येतील का इकडे चार दिवस?"

मला आधी राग आला आणि मग हसू. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, मणी मोठे होत चाललेले. मी म्हटलं, "विचारते." आणि खरंच विचारलं. आई म्हणाली, "त्यांच्याकडं चहा दोनदा देतात असं ऐकलंय. बघू."

सामना चौथऱ्यावर मॅट टाकून, दुपारी चार वाजता. शेजारच्या बागांनी मजुरांना लवकर सोडलं होतं, त्यामुळे एका बाजूला गावातले खुर्च्यांवर आणि दुसऱ्या बाजूला आमची माणसं जमिनीवर. आई-बाही आले. आईनं डोक्याचा रुमाल काढला नव्हता. बानं यशाला मॅटवर कधी बघितलंच नव्हतं. गावाकडे बघितलं होतं, खळ्यावर, मातीत.

आता गावाकडच्या खेळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे भात निघालं की मोकळ्या खाचरात कबड्डी होते. पंच नसतो. कोण उभा राहणार पंच म्हणून, सगळेच खेळतात. समोरच्याचा हात लागला तर ज्याला लागला तो स्वतः हात वर करतो, "लागला" म्हणतो आणि बाहेर जाऊन बसतो. कोणी विचारत नाही. लागूनही जो उभा राहील त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला बोलावत नाही, एवढंच.

दिंडोरीचा संघ तगडा निघाला. शेवटची चढाई राहिली तेव्हा दोन्हीकडे गुण सारखे. समोरचा आला, डावीकडे घुसला, यशा मागे सरला, समोरच्यानं हात फेकला आणि रिकाम्या हातानं मध्यरेषेपलीकडे परत गेला. पंचांनी काही दिलं नाही. बाजूच्या पंचांनीही नाही. वेळ संपली. बरोबरी. सर टाळी वाजवत उठले होते.

आणि यशानं हात वर केला. "लागला," म्हणाला आणि मॅटवरून खाली उतरून चालायला लागला.

पंच त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "टच?" यशानं मान हलवली. पंचांनी गुण समोरच्यांना दिला. एका गुणानं आम्ही हरलो.

खुर्च्यांवरचे नाचायला लागले. जमिनीवरची आमची माणसं शांत होती. त्यांच्या दृष्टीनं काही वेगळं झालेलंच नव्हतं.

सर माझ्याकडे आले. "ताई, दाखव." मी चित्रीकरण मागे घेऊन दाखवलं. हळू करून दाखवलं. हात आणि बनियन यांच्यात फट आहे की नाही ते काही केल्या कळत नव्हतं.

"दिसतंय?" सरांनी यशाला विचारलं.

"नाही सर. पण लागला होता. करंगळी."

"पंच कशाला असतात मग? शोभेला?" सरांचा आवाज आता फलाटावरचा झाला होता. "तू ठरवणार? तुझ्या एकट्याचं आहे का ते? सात जणांचा गुण तू दान करतोस?"

यशा मान खाली घालून उभा. इम्रानच्या तोंडून निघून गेलं, "अपना साक्षीदार आहे सर. स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतो." पोरं हसली. तेव्हापासून त्याचं नाव साक्षीदार पडलं.

मी खरं लिहिते. सरांपेक्षा जास्त मीच चिडले होते. मजुरांच्या रांगेमागे त्याला गाठून मी म्हटलं, "कोणी बघितलं नव्हतं, यशा. कोणीच नाही. कशाला बोललास?"

"मी ठरवून नाय बोललो, ताई. हात आपोआप वर गेला."

बा मागून आला. त्याला गुण-बिण काही कळलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "लागला व्हता ना?"

"व्हता."

"मंग झालं," बा म्हणाला आणि विडी पेटवायला वळला. आईनं यशाच्या केसातली मॅटची धूळ झटकली. मुकादम तिथंच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, तो टीव्ही बघतो. तो म्हणाला, "यशा, मग येतोस ना? माणूस कमीच हाय बघ."

यशा खोलीकडे वळला. मला मात्र त्या क्षणी मुकादमाचा राग नाही आला, भीती वाटली. कारण त्याचा हिशेब बरोबर वाटत होता.

मनमाड

दिंडोरीहून मनमाड दोन-अडीच तासांचं. चांदवड मागे पडलं की हिरवं संपत जातं, आणि मग डोंगरावर एक उभा सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. "आलं आमचं गाव," इम्रान म्हणाला. "बघ साक्षीदार, डोंगरपण बोलतोय, छान केलंस." या वेळी यशाही हसला.

मला उतरवलं ते नेमकं इम्रानच्या घरी. वडील रेल्वेत ट्रॅकमन, रेल्वेची दोन खोल्यांची क्वार्टर, खिडकीतून यार्ड. ज्याच्या जागेसाठी माझा भाऊ झगडतोय त्याच्याच आईच्या हातचं मी तीन दिवस खाल्लं. सकाळी खारी आणि कडक चहा, दुपारी आलू-गोश्त आणि पातळ चपात्या. त्यांना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. मनमाडला नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरात बसायला जागा कमी आणि पिंप जास्त. खालांनी पहिल्याच दिवशी मला एक तांब्या दाखवला. "बेटा, हात धोने का ये. पीने का वो. भूलना मत." आमच्याकडे पावसात पाणी छपरातून घरात येतं आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन दरी उतरावी लागते, असं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मतलब अल्लाह ने दोनों को बराबर थकाया."

गाडी गेली की घरातली भांडी किणकिणतात. घोटीच्या मावशींची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी चपात्या लाटता लाटता खालांनी विचारलं, "तेरा भाई और मेरा बेटा, एक ही जगह खेलते हैं ना?"

"हो."

"तो जाएगा एक ही."

"हो."

त्यांनी चपाती तव्यावर टाकली. "ले, गरम वाली तू खा."

सराव रेल्वेच्या मैदानावर. थंडी अशी की तोंडातून वाफ येत होती. सरांनी यशाला बचावाच्या पहिल्या सातातून काढलं होतं, तिथं इम्रान. यशा मैदानाच्या कडेला एकटा वाकून मागे-पुढे सरकत होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी. धरमवीर गुडघ्याला पट्टा बांधून चढाया करून बघत होता. त्याला त्याच्या हाताची पोच तपासायची होती. सहा महिने न खेळल्यावर आपला हात कुठपर्यंत जातो याचा अंदाज जातो म्हणे. तो हात मारायचा, परत यायचा आणि विचारायचा, "लगा?" पोरं म्हणायची, "नहीं लगा." प्रत्येक वेळी नहीं. सरावात तरी कोण कबूल करतो? सर बघत असतात ना.

सातव्या-आठव्या वेळी धरमवीर थांबला. कमरेवर हात ठेवून त्यानं कडेला बघितलं. "ए साक्षीदार. इधर आ."

यशा आला. धरमवीर चढाईला गेला, हात फेकला, परतला. "लगा?"

"हां. करंगळी. बनियनला."

पुन्हा. "लगा?"

"नाही. चार बोटं राहिलं."

पुन्हा. "अब?"

"लागला. पण तुमचा डावा पाय उशिरा आला. मी धरला असता."

धरमवीरनं सरांकडे वळून बघितलं. "सर, मैं इसी के साथ करूंगा. ये सच बोलता है." त्यानंतर दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, धरमवीर आणि यशा. मी वहीत लिहीत होते म्हणून मला दिसलं, की पहिल्या दिवशी यशा जिथं "लागला" म्हणत होता त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचं अंतर एका वितीनं जास्त होतं. धरमवीरचा हात परत येत होता. आणि यशा त्याला दर तीन-चार वेळांतून एकदा धरतही होता.

संध्याकाळी सरांनी यशाला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. "सरावात तोंडानं सांग. सामन्यात शिटीनं. शिटी वाजेपर्यंत तुझा हात खाली. कळलं? खोटं बोल असं मी म्हणत नाही. पंचानं विचारलं तर खरं सांग. पण त्याच्या आधी त्याचं काम तू करू नकोस."

यशानं विचारलं, "हात बांधून ठेवू का सर?"

"बांध. पण पकडीच्या वेळी सोड."

शेवटच्या सामन्याला अख्खं मनमाड लोटलं होतं. इम्रान घरच्या मैदानावर काय खेळला! तीन पकडी एकट्यानं. प्रत्येक पकडीला यार्डाकडच्या भिंतीवर बसलेले लोक उभे राहायचे. यशाला शेवटची काही मिनिटं मिळाली, सरांनी इम्रानला बाहेर बसवलं तेव्हा. त्यात एकदा समोरच्याचा हात त्याच्याकडे गेला. मी कॅमेऱ्यातून बघत होते. यशाचा उजवा हात कोपरापर्यंत वर आला आणि तिथंच थांबला. त्यानं पंचांकडे बघितलं. पंचांनी शिटी वाजवून बोट दाखवलं, तेव्हा तो बाहेर गेला. सरांनी हनुवटी खाजवली.

सामना जिंकला. त्या रात्री मी झोपण्याआधी बाला फोन केला नाही. सांगण्यासारखं काय होतं? इम्रान जाणार हे भिंतीवरच्या पोरांनाही कळलं होतं.

सकाळी सर क्वार्टरवर चहाला आले. यशा आणि धरमवीर मागोमाग. खालांनी कप मांडले. सर खुर्चीत बसले, फुंकर मारून एक घोट घेतला आणि म्हणाले, "यशवंत, बॅग भर. धरमवीरसोबत वर जायचंय."

मी इम्रानकडे बघितलं. "सर, तीन पकडी," तो म्हणाला.

"म्हणूनच," सर म्हणाले. "नीट ऐक. वर जी जागा आहे ती बसायची आहे. विसावा गडी. वर्षभर सामना मिळेल न मिळेल. तुला तिथं बसवला तर तू गंजशील. तू माझ्याकडे राहशील, प्रत्येक सामना खेळशील, आणि पुढल्या वर्षी सातात जाशील, बाकावर नाही. विसाव्या गड्याचं काम वेगळं. त्यानं सकाळी मोठ्यांकडून सराव घासून घ्यायचा. त्यांचा हात किती पोचतो, पाय कुठं चुकतो ते खरं सांगायचं आणि संध्याकाळी बाकामागे गप बसायचं. हे काम तुझं नाही, इम्रान. तू सांगशील का खरं?"

इम्राननं कप खाली ठेवला. "नहीं, सर."

"झालं तर."

खाला दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन एका डब्यात खारी भरली आणि डबा यशाच्या हातात दिला. इम्रान उठला, यशाच्या पाठीत एक जोरात दणका दिला आणि म्हणाला, "जा, साक्षीदार. माझी जागा गरम करून ठेव."

यशा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बॅग भर. आणि तो डबा सांडू नकोस."

परत नाशिक

या प्रवासाला आता वर्ष होत आलं. घोटीच्या सुनंदामावशींना मी लाल तांदूळ नेऊन दिला. कोंबड्यांना टाकला नाही, स्वतः खाल्ला असं त्यांनी फोन करून सांगितलं. इम्रान धाकट्या संघात प्रत्येक सामना खेळतोय, आणि खालांचा दर शुक्रवारी यशाला फोन असतो. धरमवीर पुन्हा टीव्हीवर दिसतो. त्याचा हात लागला की नाही हे पंच ठरवायच्या आधी आमच्या घरी ठरतं.

यशा मोठ्या संघाचा विसावा गडी आहे. मोसमभरात तो तीनदा मॅटवर उतरला, तिन्ही वेळा दुसरा कोणी जायबंदी झाला म्हणून. एक पकड त्याच्या नावावर आहे. त्याचा करार पुढच्या वर्षासाठी वाढला आणि दर महिन्याला पगार होतो.

यंदा दिवाळीनंतर पिकअप आली आणि गेली. आमच्या घराला कुलूप लागलं नाही.